मुलाला इन्फंट्रीच हवीय, त्याला समजवा ना!

पत्र: नमस्कार साहेब, आमचं घर फोंडा तालुक्यात, घराला लागून कुळागर, म्हणजे सुपारीची बाग आहे. नवरा बोटीवर, वर्षातले सात-आठ महिने बाहेरच. एकुलता एक मुलगा, फर्मागुडीला इंजिनिअरिंग केलं, मग सीडीएसची परीक्षा देऊन डेहराडूनला आयएमएत, म्हणजे मिलिटरी अकॅडमीत गेला. आता शेवटची टर्म आहे आणि फौजेच्या कुठल्या आर्ममध्ये, म्हणजे शाखेत जायचं त्याचे चॉइस भरायचेत. पहिला चॉइस इन्फंट्री, म्हणजे पायदळ लिहिणार म्हणतो. मी म्हणते इंजिनिअर आहेस तर सिग्नल्स, ते संदेशवहनाचं काम घे, पणजीत सिग्नल्सचं सेंटर आहे, घराजवळ तरी येशील, चवथीला तरी दिसशील. दीर म्हणतात हल्ली चार वर्षांनी घरी पाठवतात, त्यासाठी जीव कशाला धोक्यात घालायचा. कोणी म्हणतं इन्फंट्रीत प्रमोशन होत नाही. मला रात्रभर झोप लागत नाही. तुम्ही स्वतः इन्फंट्रीत होता, तुमचं तो ऐकेल, प्लीज त्याला समजवा. - एक आई

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचून आधी घरात बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली नीट लिहा, घाईत लिहू नका, म्हणून उत्तराला उशीर झाला. तुम्ही म्हणताय त्याला समजवा, ते मी करणार नाही, हे आधीच सांगतो. पण तुमची काळजी खोटी आहे असंही म्हणणार नाही, ती अगदी खरी आहे. फक्त त्या काळजीत काही गोष्टी ऐकीव शिरल्यात, त्या बाजूला काढू आणि मग जी उरेल तिच्याबद्दल बोलू.

दिरांचं आधी घेतो कारण ते लगेच मिटतं. चार वर्षांनी घरी येतात ते अग्निवीर, २०२२ साली आलेली अग्निपथ योजना जवानांच्या भरतीसाठी आहे, ऑफिसरसाठी नाही. तुमचा मुलगा आयएमएतून परमनंट कमिशनवर बाहेर पडणार, चेन्नईच्या ओटीएतून, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीतून शॉर्ट सर्व्हिसवर जाणाऱ्यांची मुदत दहा वर्षांची आणि पुढे चार वाढवून मिळू शकतात, पण तोही त्याचा विषय नाही. पासिंग आऊट झालं की तो लेफ्टनंट, आणि स्वतःहून सोडलं नाही किंवा तब्येतीचं काही झालं नाही तर पन्नाशी ओलांडेपर्यंत नोकरी. कर्नलपर्यंत रिटायरमेंट ५४ व्या वर्षी, वर गेला तर ब्रिगेडिअर ५६, मेजर जनरल ५८.

आता सिग्नल्स. पणजीचं सेंटर आहे ते ट्रेनिंग सेंटर, तिथं सिग्नल्सचे जवान तयार होतात, मोजकेच ऑफिसर तिथं पोस्टिंगवर येतात आणि तेही दोन-तीन वर्षांपुरते. सिग्नल्सचा ऑफिसर काश्मीरला, लेहला, तेजपूरला, राजस्थानात, जिथं जिथं फौज तिथं तिथं जातो. शिवाय राष्ट्रीय रायफल्स म्हणून जे दल काश्मीरमध्ये आतंकवाद्यांशी लढतं त्यात इन्फंट्रीबरोबर इतर आर्मचे ऑफिसरही जातात. म्हणजे सिग्नल्स घेतलं की मुलगा पणजीत, असं डोक्यात असेल तर ते काढून टाका, नाहीतर तो सिग्नल्स घेऊन तवांगला गेला की तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल. सिग्नल्स चांगलं आर्म आहे, मला त्याबद्दल फार आदर आहे, रात्री दोन वाजता रेडिओवर पलीकडून आवाज आला की किती बरं वाटतं ते मी अनुभवलंय. पण ते घ्यायचं तर त्या कामाची आवड म्हणून घ्यावं, घर जवळ म्हणून नाही.

आणखी एक, चॉइस लिहिला म्हणून मिळतोच असं नाही. मेरिट, त्याचा चॉइस आणि त्या कोर्सला कुठल्या आर्ममध्ये किती जागा आहेत हे सगळं बघून वाटप होतं, आणि सगळ्यात जास्त तरुण ऑफिसर इन्फंट्रीलाच लागतात. म्हणजे तुमच्या हट्टासाठी त्याने सिग्नल्स लिहिलं आणि तरी इन्फंट्री मिळाली असं सहज होऊ शकतं. तेव्हा आईने नको म्हटलेलं काम करायला जाणारा मुलगा आणि आईने हो म्हटलेलं काम करायला जाणारा मुलगा यात फरक पडतो ताई, मी दोन्ही प्रकारचे बघितलेत, पहिला रात्री जास्त जागा असतो.

इन्फंट्री म्हणजे नक्की काय हे आपल्याकडे गोव्यात फारसं कोणाला माहीत नसतं आणि त्यात कोणाचा दोष नाही. आपल्याला नेव्ही दिसते, दाबोळीला तिचा हंसा हा तळ आहे, वास्कोत पांढरे युनिफॉर्म दिसतात, घराघरात कोणीतरी बोटीवर असतं, म्हणून समुद्र कळतो, पलटण, म्हणजे इन्फंट्रीची बटालियन, कळत नाही. तुमच्या सासू-सासऱ्यांच्या वयाचं कोणी असेल तर त्यांना विचारा, डिसेंबर १९६१ मध्ये मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखाली १७ इन्फंट्री डिव्हिजन गोव्यात आली तेव्हा पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, तरी लोक चालत, नदी ओलांडत पुढे आले. विमानं, तोफा, बोटी सगळं होतं, पण जमिनीवर पाय ठेवून हे आता आपलं असं म्हणायला शेवटी चालत जाणारा माणूसच लागतो. तोच इन्फंट्रीवाला. आजही डोंगरावरची पोस्ट धरून बसतो तो तोच.

आता तुमचा मुलगा रोज काय करेल ते सांगतो, कारण मला वाटतं तुमची भीती अर्धी या न दिसण्यामुळे आहे. पासिंग आऊटनंतर थोडी सुट्टी मिळते आणि मग तो आपल्या पलटणीत हजर होतो. बऱ्याच पलटणींमध्ये पद्धत अशी की नवीन ऑफिसरने आधी जवानांबरोबर बराकीत राहायचं, लंगरमधलं जेवायचं, त्यांच्याबरोबर पीटी, त्यांच्याबरोबर ड्युटी. ऑफिसर मेसमध्ये नंतर. मी हे केलंय आणि मला विचाराल तर माझ्या सगळ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं शिक्षण तेच. कारण तिथं तुम्हाला तीस-पस्तीस माणसांची नावं, गावं, कोणाच्या घरी काय चाललंय, कोणाची म्हैस मेली, कोणाच्या बहिणीचं लग्न पैशावाचून अडलंय, कोण रात्री घाबरतो पण सांगत नाही, हे सगळं पाठ होतं. सीओसाहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, अचानक थांबवून विचारतात, हा जवान कोण, घरी कोण कोण असतं, मुलगी कितवीत आहे, आणि उत्तर आलं नाही तर मान खाली जाते.

मग तो सुभेदार, जवानांतूनच वर आलेला. विचार करा, वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस, केस पांढरे, तुमच्या मुलाच्या वडिलांच्या वयाला टेकलेला, तो तुमच्या मुलाला सॅल्यूट करणार, आणि तुमचा मुलगा त्याला साहेब म्हणणार. राम राम साहेब, असं. या दोघांचं जमलं तर प्लाटून, म्हणजे ती तीस-पस्तीस जणांची तुकडी, चालते. चांगला सुभेदार तरुण ऑफिसरला सगळ्यांसमोर कधीच चुकीचं ठरवत नाही, संध्याकाळी चहाच्या वेळी हळूच सांगतो की साहेब, उद्या गश्त त्या नाल्यातून नेली तर कसं राहील. ज्या मुलाला हे ऐकता येतं तो टिकतो. फर्मागुडीच्या डिग्रीचा माज घेऊन गेला तर पलटण त्याला प्रेमाने पण पक्कं खाली आणते.

पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच महूच्या इन्फंट्री स्कूलला यंग ऑफिसर्स कोर्स होतो, शस्त्रं, छोटी तुकडी कशी हलवायची, हल्ला, बचाव सगळं. आणि कमांडो कोर्स तर बेळगावला, म्हणजे चोर्ला घाट चढून गेलं की आलं. पण तुम्ही डबा घेऊन जाल तर भेट होणार नाही हे आत्ताच सांगतो, त्या कोर्समध्ये पोरांना झोपायला मिळत नाही, भेटायला कुठून मिळणार. पाठीवर वजन घेऊन पळणं, पाणी, दोर, रात्र, भूक. कोर्स संपला की वजन बरंच उतरलेलं असतं आणि चेहरा बदललेला असतो. तेव्हा घरी आला की पोटभर खायला घाला आणि प्रश्न कमी विचारा.

त्यानंतर पलटण जिथं तिथं तो. दोन-तीन वर्षं फील्ड, दोन-तीन वर्षं पीस, असं साधारण फिरत राहतं. फील्ड म्हणजे एलओसी, चीनकडची सरहद्द, ईशान्येकडचा डोंगराळ भाग, सियाचिन. सियाचिनमध्ये १९८४ पासून आपली फौज बसलीय आणि तिथं शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, बर्फाने आणि विरळ हवेने जास्त माणसं गेली. पोस्टवर महिन्यांच्या हिशोबाने ठेवतात, वर्षानुवर्षं नाही, आणि आधी टप्प्याटप्प्याने शरीराला सवय लावून वर पाठवतात. पीस म्हणजे शहरातलं किंवा छावणीतलं आयुष्य, तिथं ट्रेनिंग, खेळ, कागदपत्रं, बडा खाना म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, बायका-पोरं. लग्न झालं की फील्डच्या काळात कुटुंबासाठी वेगळं क्वार्टर मिळतं. ते तुमच्या सुनेचं बघून घेईल ती, आत्ता तिची काळजी करू नका, अजून ती सापडायची आहे.

धोक्याबद्दल आता. इथं मी काही गोड करून सांगणार नाही. आपल्या फौजेत तरुण ऑफिसर पुढे असतो. मागून हुकूम देणारा ऑफिसर जवान मानत नाहीत आणि ते बरोबरच आहे. १९९९ च्या कारगिलमध्ये चढाई करताना किती कॅप्टन आणि लेफ्टनंट गेले ते आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. बरं, वर गेल्यावर माणूस मागे राहतो असंही नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक ४१ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ होते, नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याला जंगलात शोधमोहिमेत स्वतः पुढे होते आणि तिथं गेले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन लहान मुलं असताना चेन्नईच्या ओटीएत गेल्या आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या. मी हे तुम्हाला घाबरवायला किंवा हिंमत द्यायला सांगत नाही, हे असं आहे म्हणून सांगतोय. तुमच्या मुलाला हे माहीत आहे. आयएमएत चेटवुड हॉलमध्ये जे कोरलंय ते त्याने रोज वाचलंय, की देशाची सुरक्षा, मान आणि भलं पहिलं, मग हाताखालच्या माणसांचं, आणि तुझी स्वतःची सोय आणि सुरक्षा सगळ्यात शेवटी, प्रत्येक वेळी. तो हे वाचूनच इन्फंट्री लिहितोय. त्याला धोका कळत नाही म्हणून लिहितोय असं समजू नका.

त्याच वेळी हेही खरं की हजारो इन्फंट्री ऑफिसर अख्खी नोकरी करून घरी येतात, मी त्यातलाच एक, गुडघे तेवढे गेलेत. शिकवतात ते मरायला नाही शिकवत, माणसं जिवंत परत कशी आणायची ते शिकवतात, अख्खं ट्रेनिंग त्याच्यासाठी आहे. आणि धोका फक्त इन्फंट्रीत आहे हेही नाही. आपल्या शेजारच्या कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे, १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरीच्या रस्त्यावर गोळ्या चालू असताना सुरुंग काढत, अडथळे हटवत राहिले म्हणून रणगाडे पुढे जाऊ शकले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. ते इंजिनिअर्सचे होते, इन्फंट्रीचे नव्हेत.

प्रमोशनचं जे कोणी सांगितलं त्यात थोडं तथ्य आहे आणि ते मुलाने आत्ता, बावीस-तेविसाव्या वर्षी समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण बरेच जण चाळिशीत समजतात आणि मग कडवट होतात. लेफ्टनंट झाला, दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर, तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, इथपर्यंत नोकरीची वर्षं भरली, परीक्षा पास झाल्या, रिपोर्ट बरे असले की होतं. त्यापुढे कर्नल मात्र सिलेक्शन बोर्डाने. बोर्ड सगळ्यांचे रिपोर्ट, कोर्सचे ग्रेडिंग, कंपनी कशी चालवली, फील्डमध्ये काय केलं, सगळं बघतं आणि जागा कमी असतात, म्हणून फार चांगले चांगले ऑफिसर तिथं थांबतात. त्यांना पुढे २६ वर्षांनी टाइम स्केल कर्नल मिळतं, पगार आणि फीत मिळते, पण पलटण कमांड करायला मिळत नाही. इन्फंट्रीवाल्याला सगळ्यात जास्त काय लागतं तर हेच लागतं. ज्या पलटणीत पोर म्हणून आला त्याच पलटणीचा सीओ व्हायचं, आठशे-एक माणसं आपली म्हणायची, हे स्वप्न घेऊन सगळे येतात आणि थोड्यांनाच मिळतं.

मधे वेलिंग्टनचं स्टाफ कॉलेज असतं, निलगिरीत, त्याची स्पर्धा परीक्षा मेजर असताना द्यावी लागते आणि ती काढली तर पुढचा रस्ता सोपा होतो, म्हणून फील्डमध्ये बंकरमध्ये कंदील लावून अभ्यास करणारे मेजर मी बघितलेत. ही परीक्षा म्हणजे सगळं नाही पण महत्त्वाची आहे, मुलाला आत्तापासून वाचायची सवय ठेवायला सांगा.

कोणी म्हणेल इन्फंट्रीतूनच वर जाता येतं, तेही ऐकू नका. नरवणे साहेब, आपले मराठी, शीख लाइट इन्फंट्रीचे, डिसेंबर २०१९ मध्ये चीफ, म्हणजे लष्करप्रमुख झाले आणि त्यांच्यानंतर एप्रिल २०२२ मध्ये मनोज पांडे साहेब, नागपूरचे, इंजिनिअर्समधून आलेले पहिले चीफ. त्याआधी १९९० ते १९९३ गोव्याच्या मुळाचे जनरल सुनीत रॉड्रिग्ज चीफ होते, ते तोफखान्याचे. दारं सगळीकडे आहेत. पण चीफ व्हायचं म्हणून कोणी आर्म निवडू नये, लाखात एक होतो.

माझं म्हणणं असं आहे की इन्फंट्री खालून बघून निवडावी, वरून बघून नाही. म्हणजे तिची पहिली बारा-तेरा वर्षं, प्लाटून आणि कंपनीची, तीच तिची खरी कमाई. बाविसाव्या वर्षी तीस जणांची जबाबदारी, मेजर झाल्यावर शंभर-सव्वाशे जणांची कंपनी, डोंगरावर एक अख्खी पोस्ट तुमची, खाणंपिणं, दारूगोळा, आजारपण, भांडणं, सुट्ट्या, गश्त, सगळं तुमच्या सहीने आणि तुमच्या डोक्याने. इतक्या तरुण वयात माणसांची इतकी जबाबदारी मला तरी दुसऱ्या कुठल्या नोकरीत दिसली नाही. ज्याला यातच आनंद आहे तो पुढे लेफ्टनंट कर्नलवर थांबला तरी भरून पावतो. ज्याला फक्त खांद्यावरचे तारे मोजायचे आहेत त्याने इन्फंट्री घेऊ नये, त्याला ती रडवते.

म्हणून त्याला नको म्हणण्याऐवजी दोन गोष्टी विचारा. रविवारी फोन करेल तेव्हा शांतपणे विचारा, रडू नका, तुम्ही रडलात की तो खोटं बोलेल. एक, तुला माणसांत राहायला आवडतं का रे? नेतृत्व वगैरे शब्द बाजूला, एका पत्र्याच्या शेडमध्ये सहा महिने त्याच वीस जणांबरोबर, त्यांचं घोरणं, त्यांचे मोबाईलचे आवाज, त्यांची दुःखं, आणि त्यांची भाषा येत नसेल तर शिकून. कारण त्याला मराठा लाइट इन्फंट्रीच मिळेल असं नाही, गढवाल मिळेल, मद्रास मिळेल, नागा मिळेल, आणि जवानांच्या भाषेत बोलता यायलाच हवं, देवळात, गुरुद्वारात, चर्चमध्ये जिथं जवान जातात तिथं त्यांच्याबरोबर उभं राहायचं. तो घरी कुळागरात कामाला येणाऱ्यांशी कसा वागतो ते तुम्ही बघितलंय, उत्तर तुम्हाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असेल. दोन, चाळिसाव्या वर्षी बोर्डात नाव आलं नाही तर काय करशील? यावर त्याने विचार केलेला असेल, निदान थोडा, तर बरं. केला नसेल तर करायला सांगा आणि मग हवं ते लिहू दे.

ही दोन उत्तरं डळमळीत आली, म्हणजे तो मित्र घेतायत म्हणून, किंवा लाल टोपी, कमांडोचा बिल्ला, रील्समधला रुबाब म्हणून इन्फंट्री म्हणत असेल तर मी तुमच्या बाजूने आहे, त्याला सांगा सिग्नल्स, ईएमई (यंत्रं-गाड्या सांभाळणारी शाखा), इंजिनिअर्स बघ, डिग्रीचा तिथं थेट उपयोग आहे आणि तीही फौजच आहे. पण उत्तरं पक्की असतील तर मधे येऊ नका. डिग्री वाया जात नाही, पलटणीत आता ड्रोन आहेत, रात्री बघायची यंत्रं आहेत, रणगाडाविरोधी मिसाईल आहेत, ज्याला मशीन कळतं त्याची पलटणीला गरज आहे.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही पण घरी विषय निघणारच. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंटचा बेसिक ५६,१०० आणि वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००, त्यावर महागाई भत्ता आणि पोस्टिंगप्रमाणे भत्ते, सियाचिनला असताना ऑफिसरला वेगळा भत्ता. वीस वर्षं झाली की पेन्शन बसते. बोटीवरच्या ऑफिसरएवढं नाही हे यजमान लगेच सांगतील आणि ते बरोबर आहे. पण बोटीवर कॉन्ट्रॅक्ट संपलं की माणूस आणि बोट दोघं सुटे होतात, इन्फंट्रीत पलटण सुटत नाही. मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, अजून माझ्या पहिल्या प्लाटूनचे लोक मुलांच्या लग्नाच्या पत्रिका पाठवतात, कोणाच्या मुलाला शाळेत घालायचंय, कोणाची पेन्शन अडकलीय, फोन येतात. आणि मी पण आजारी पडलो तेव्हा आधी नातेवाईक आले का पलटणवाले आले ते बायकोला विचारा.

चवथ. तुमच्या पत्रात हे वाक्य एकदाच आलंय पण मला वाटतं सगळं पत्र त्याच्यासाठीच लिहिलंय. वर्षाला साठ दिवस अॅन्युअल लीव्ह आणि वीस दिवस कॅज्युअल लीव्ह असते, कागदावर भरपूर आहे. पण पलटणीत सणाला आधी जवान जातात मग ऑफिसर, आणि फील्डला असेल तर सुट्टी मिळते तेव्हा घ्यायची, सण बघून नाही. म्हणजे चवथीला दरवर्षी येईल असं धरू नका, एखाद वर्षी येईल. ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी माटोळीचे, गणपतीवर बांधतो त्या फळा-पानांचे फोटो पाठवा, आणि चुकून मराठा पलटण मिळाली तर तिकडे त्यांचा स्वतःचा गणपती असतो, आरत्या आपल्यापेक्षा जोरात असतात. तुम्ही नवऱ्याशिवाय इतक्या चवथी केल्यात, घर चालवलंत, कुळागर सांभाळलंत, मुलगा एवढा मोठा केलात, त्यामुळे एकटेपणा काय हे मी तुम्हाला शिकवायला नको. फक्त एक करा, या वेळी एकट्याने सोसू नका. त्याच्या कोर्समेट्सच्या आयांचे नंबर घ्या, पासिंग आऊटला भेटतीलच सगळ्या, पुढची वीस वर्षं त्याच तुम्हाला समजून घेतील, शेजारीपाजारी नाही.

कुळागराचा प्रश्न मात्र इन्फंट्री का सिग्नल्स यावर सुटत नाही. कुठल्याही आर्ममध्ये गेला तरी पावसाच्या तोंडावर सुपारीवर बोर्डो औषधाची फवारणी करायला तो नसणार, शिंपणं बघायला नसणार. यजमान बोटीवरून कधी कायमचे येणार आहेत ते त्यांच्याशी बसून ठरवा, तोवर विश्वासातलं कोणी अर्धलीने किंवा पगारावर ठेवा, आणि मुलाच्या डोक्यावर हे ओझं घालू नका, निदान या वर्षी तरी नको.

पासिंग आऊट परेडला दोघांनी जायचंच. यजमानांना कंपनीला आधीच कळवून ठेवायला सांगा, कारण खांद्यावर तारे लावायला आई-वडिलांना बोलावतात आणि तो क्षण परत येत नाही. परेड जूनला नाहीतर डिसेंबरला असते, डिसेंबरची असेल तर डेहराडूनला कडाक्याची थंडी, गोव्याच्या स्वेटरने भागणार नाही, जाड काहीतरी घ्या. वास्कोहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन आणि तिथून पुढे डेहराडून, तिकिटं आणि राहायची जागा लवकर बघा, कारण त्या आठवड्यात सगळ्या देशातले आई-बाप तिथं उतरतात. कुठली रेजिमेंट मिळाली ते कळलं की मला परत लिहा, त्या रेजिमेंटचं सेंटर कुठं, जवान कुठले, त्याने कुठली भाषा शिकायला घ्यावी, ते सगळं तेव्हा सविस्तर सांगेन.